सोळा स्क्रूंच्या बाई

बाई प्रयोगशाळेत छत्री उघडून बसायच्या. बाहेर सोलापूरचं ऊन, वरचा पत्रा तापून लाल, पावसाचा पत्ता नाही, आणि आत टेबलाशी काळी, वाकड्या मुठीची, पुरुषी छत्री डोक्यावर धरून बाई कॉम्प्युटर बडवताहेत. पहिल्यांदा येणारा माणूस दारातूनच मागं फिरायचा. कारण एवढंच होतं की त्यांच्या डोक्यावरून मी जोडलेला पाण्याचा पाइप गेला होता आणि त्याच्या जोडातून, बाईंच्या म्हणण्याप्रमाणं, थेंब पडायचे.

"मिस्त्री, तुमचा जोड गळतोय."

"जोड गळत न्हाई बाई. गार पाण्याचा पाइप हाय, त्याला घाम येतो."

"मग त्याला टॉवेल द्या की."

हा आमचा रोजचा रामराम होता. संध्याकाळी जाताना त्या छत्री मिटून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायच्या. घरी कधी नेली नाही. पावसाळ्यात भिजत जायच्या. म्हणायच्या, ती प्रयोगशाळेची छत्री आहे.

कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायचो. मी चौथी शिकलेला. चौथीपर्यंत मला बाईच होत्या आणि त्यांच्या पुढं मी कधी गेलो नाही. तेव्हा शिकवणारी ती बाई, हे माझं ठरलेलं. प्रिन्सिपॉल साहेबांनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

मी माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात रसाच्या पाइपांवर जन्म काढला. माझ्याकडं एक लांब दांड्याचा पाना आहे. त्याचं एक टोक पाइपावर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. आत रस कसा चाललाय, पंप कुठं हवा ओढतोय, गाळ कुठं बसलाय, सगळं कळायचं. अकलूजकडचे कारखाने जीप पाठवून मला न्यायचे. मी पाना लावला की इंजिनिअर लोक श्वास धरून उभे राहायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर आणखी बरंच आहे.

कारखाना सुटल्यावर सोलापुरात आलो आणि या कॉलेजात फिटर म्हणून लागलो. पहिलंच काम बाईंचं. त्यांना प्रयोगशाळेत पाण्याचा एक फेरा पाहिजे होता. टाकीतून पाइप निघायचा, भिंतीनं वर चढायचा, फिरून परत टाकीत यायचा.

"पाणी कुठं न्यायचं हाय?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई. हितंच फिरवायचं."

"मग पाइप कशाला? घागरीत ढवळा की."

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि खुदकन हसल्या. तिथून आमचं जुळलं म्हणा किंवा बिघडलं म्हणा.

बाई दुधनीच्या. घरात कानडी, बाजारात मराठी. मोजायच्या कानडीत, रागवायच्या कानडीत आणि पाइपाशी बोलायच्या तेही कानडीत. पाइप फिरताना हात लावून 'नोड्री, नोड्री' म्हणायच्या, म्हणजे बघा, बघा. पाइपाला अहो-जाहो आणि प्रिन्सिपॉल साहेबांना कधीकधी अरे-तुरे निघून जायचं.

त्यांच्या टेबलावर दोन डबे असायचे. एकात शेंगाचटणी, दुसऱ्यात मीठ. चटणी जेवायला, मीठ पाइपाला. सकाळी आल्या की टाकीत बोट बुडवून जिभेला लावायच्या. आमटी चाखावी तसं तोंड करायच्या आणि म्हणायच्या, "अळणी हाय." मग मूठभर मीठ टाकायच्या. एका शहाण्या विद्यार्थ्यानं एकदा घाईत चटणीचा डबा ओतला. आठ दिवस पाइपातून लाल पाणी फिरत होतं. बाईंनी त्याला रागवण्याऐवजी चटणीचे कण पाइपात कुठल्या अंगानं जातात ते लिहून काढलं.

मिठाचं कारण असं. पाण्यातून वीज जाते, हवेतून जात नाही. मीठ असलं की जरा बरी जाते. बाईंनी पाइपाला एका जागी भोवतीनं भोकं पाडून सोळा पितळी स्क्रू बसवले होते, बांगडीत खडे बसवावेत तसे. टोकं आत पाण्याला टेकलेली. दोन स्क्रूंतून चिमटीभर वीज सोडायची आणि बाकीच्यांना विचारायचं, तुझ्यापर्यंत किती आली? मधे बुडबुडा असला की त्या अंगाला कमी येते. मग दुसऱ्या दोघांतून सोडायची, परत सगळ्यांना विचारायचं. असं सोळाही जणांच्या पाळ्या झाल्या की कॉम्प्युटर आतलं चित्र काढतो. पाइप न फोडता पाइपाच्या पोटात बघायचं. कल्पना वाईट नव्हती. पण ते मशीन गोगलगाय होतं. सोळा जणांना विचारून होईस्तोवर बुडबुडा निघून जायचा आणि पडद्यावर उमटायचा नुसता करडा डाग.

एक दिवस मी पाना कानाला लावून सांगितलं, "पंप हवा घेतोय. बुडबुडे चाललेत."

बाईंनी पडद्याकडं बघितलं. "मशीनला दिसत न्हाईत." मग विद्यार्थ्यांकडं वळून म्हणाल्या, "ध्यानात ठेवा. पाइपाला विचारायचं, मिस्त्रीला न्हाई."

चाळीस पोरापोरींसमोर! मी पाना खाली घेतला. "बाई, तुमचं मशीन चष्मा शोधून डोळ्याला लावतंय तवर बुडबुडा होटगी स्टेशनाला पोचतो."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. छत्री मिटली, खिळ्याला अडकवली आणि भर दुपारी घरी गेल्या.

मला वाटलं, जास्त झालं. पण चार दिवसांनी बाई आल्या आणि सगळ्यांना बाहेर पटांगणात बोलावलं. वॉचमन, क्लार्क, कँटीनचा आचारी, मी, काही विद्यार्थी, असे सोळा जण मोजून गोल उभे केले. शिपायाला सांगितलं, सायकल घेऊन या गोलातून आरपार जायचं. आणि वही घेऊन प्रत्येकाजवळ जाऊन विचारू लागल्या, "सायकल तुमच्यापासनं किती लांब हाय?"

पहिल्यानं सांगितलं, दहा पावलं. चौथ्यानं सांगितलं, चार पावलं. माझ्यापाशी आल्या तेव्हा शिपाई गेटाबाहेर टपरीवर चहा सांगत होता.

"मिस्त्री, सायकल किती लांब?"

"एक कटिंग लांब."

बाईंनी तेही लिहून घेतलं! मग सगळ्या उत्तरांवरनं खडूनं जमिनीवर सायकल काढली. ती उसाच्या ट्रॉलीएवढी लांब झाली होती. बाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिल्या.

"हे मिस्त्री बोलले ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "सायकल चुकली न्हाई. मी एकेकाला इचारत बसले."

शिपायाला परत गोलातून जायला लावलं. या वेळी शिट्टी वाजताक्षणी सोळाही जणांनी एकदम बोटांनी आकडा दाखवायचा. तसं केलं. सायकल सायकलीएवढी निघाली. कँटीनच्या आचाऱ्यानं टाळ्या वाजवल्या, त्याची तिकडं भाजी लागली.

पुढचे कित्येक महिने बाई त्याच्यामागं होत्या. प्रत्येक स्क्रूला स्वतःचा वेगळा कान दिला, म्हणजे कोणाला कोणासाठी थांबायला नको. वीज सोडल्यावर ती पुरती स्थिरावायची वाट बघणंही सोडून दिलं. चढत्या विजेवरनंच हिशेब ओळखायचा. मला यातलं जे कळलं ते एवढंच. याच नादात भाच्याच्या लग्नात अक्षता टाकायच्या सोडून बाई सरबताच्या पिंपाला कान लावून बसल्या होत्या, असं त्यांच्या भावजयीनं मला सांगितलं. मुहूर्त टळला नाही, पण सरबत कोणी प्यायलं नाही. कारण बाईंनी बोट बुडवून 'अळणी' म्हणलं होतं.

एक दिवस त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "मिस्त्री, आता मशीन सेकंदाला शेकड्यानं चित्रं काढतंय. बुडबुडा होटगीला जाऊ देणार न्हाई. पुढच्या सोमवारी साखर कारखान्याचे मोठे इंजिनिअर येणार हायत बघायला. त्यांच्यासमोर मशीन बुडबुडे मोजंल. तुमी बी पाना लावून मोजा."

"अन् हारलं त्यानं?"

"मी हारले तर मशीन अडगळीत टाकीन. तुमी हारलात तर तो पाना ह्या खिळ्याला. परत माझ्या पाइपाला लावायचा न्हाई."

सगळे बघत होते. मी म्हणलं, "चालंल."

आता खरं सांगायचं तर मला ऐकू येईनासं झालं होतं. कारखान्याच्या गाळपघरात इतकी वर्षं काढली की डावा कान तिथंच राहिला आणि उजवाही हळूहळू त्याच्यामागं गेला. माणसांचं बोलणं ओठांवरनं जुळवायचो. जुळलं नाही की रागवायचो, मग लोक मोठ्यानं बोलायचे. पाना लावला तर आत नुसती स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर. ते बुडबुडे मी सांगितले ना, तेही टाकीच्या पाण्यावर फेस बघून सांगितले होते. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही. ती म्हणायची, माझं कधी ऐकलंय यांनी? आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तिला यात नवीन काही दिसलं नाही.

पाना खिळ्याला गेला की मी कोण? नळ बदलणारा म्हातारा. सोमवारपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी सकाळी कोणी यायच्या आत मी प्रयोगशाळेत गेलो. पाइपात हवा सोडायला एक रबरी नळी होती, कपाटामागच्या कॉकपासून जमिनीवरनं येऊन पाइपाला लागलेली. मी कॉक जरा उघडा ठेवून पाना लावला. खरखर. पुन्हा लावला. खरखर. चपलेत खडा गेला होता म्हणून चप्पल काढली आणि पाय नेमका नळीवर पडला. नळी टाचेखाली थरथरली. थरथरली की तिकडं बुडबुडा. मी पाय उचलला, परत ठेवला. असं चार वेळा केलं. मग नळी उचलून माझ्या उभं राहायच्या जागेखालून फिरवून घेतली. शिपायानं विचारलं, तर म्हणलं, "मधनं असली तर कुणीतरी पाय अडकून पडंल."

नळी जिथं पाइपाला लागत होती तिथून स्क्रूंची बांगडी दोन हात पुढं होती. म्हणजे टाचेला थरथर लागली की मनात 'एक' म्हणायचं आणि मगच सांगायचं. पक्कं केलं.

सोमवारी मोठे इंजिनिअर आले, प्रिन्सिपॉल साहेब आले, विद्यार्थी खिडक्यांना लटकले. पाइपाचा काचेसारखा आरपार दिसणारा तुकडा बाईंनी घरच्या चादरीनं गुंडाळून टाकला होता, कोणाला डोळ्यानं दिसायला नको म्हणून. शिपाई कपाटामागं कॉकपाशी, त्याला वाटेल तेव्हा उघडायचा. माझ्या हातात दाराच्या घंटीचं बटण. मी दाबलं की कागदावर लाल रेघ, मशीनला बुडबुडा दिसला की निळी.

मी पाना लावला, डोळे अर्धवट मिटले आणि चपला काढल्या.

"मिस्त्री, चपला?" प्रिन्सिपॉल साहेबांनी पुढं वाकून विचारलं. ओठ दिसले म्हणून कळलं.

"देवळात अन् पाइपापुढं मी चपला घालत न्हाई साहेब."

मला काय माहीत त्यांच्या मनाला एवढं लागेल! त्यांनी स्वतःचे बूट काढले. मग मोठ्या इंजिनिअरांनाही काढावे लागले. त्यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मग खिडकीतल्या विद्यार्थ्यांनीही काढले. बाई एकट्या चपलेत, डोक्यावर छत्री.

सुरू झालं. टाच थरथरली, 'एक', दाबलं. थरथरली, दाबलं. मी बघतोय, माझ्या घंटीपाठोपाठ निळी रेघ पडतेय. मोठे इंजिनिअर मान हलवताहेत. मला जोर चढला. 'एक' म्हणायचं कधी सुटलं, कळलंच नाही.

मग अचानक थरथर थांबली. बराच वेळ काही नाही. मशीनही गप्प, मीही गप्प. कपाटामागनं शिपायानं डोकं काढलं आणि तोंड वासून काहीतरी ओरडला. प्रिन्सिपॉल साहेबांचा चेहरा उतरला. ओठांवरनं जुळवलं, तो म्हणत होता, "कॉक उघडाच हाय साहेब, कवापासनं!"

म्हणजे हवा सुटलेली, आणि मशीनला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही. दोघंही हरलो.

मी खाली बघितलं. प्रिन्सिपॉल साहेब भक्तिभावानं पुढं सरकत सरकत अनवाणी पायानं नेमके नळीवर उभे होते.

आता काय सांगू? पाय काढा म्हणलं तर नळीशी माझा काय संबंध ते सांगावं लागणार. मी पाइपाकडं बघून ठासून म्हणलं, "हवा आलीच न्हाई."

बाई पडद्याकडं बघून म्हणाल्या, "हवा आलीच न्हाई." आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली. साहेबांचा पाय. नळी. नळीवरनं हळूहळू माझी टाच. छत्री जराशी कलली.

"सर," त्या साहेबांना म्हणाल्या, "तुमी जरा मागं सरा. मिस्त्रींना मोकळी जागा लागते."

साहेब सरले. अडलेली हवा भसकन गेली, टाच उडाली, मी दाबलं, निळी रेघ ताडासारखी उंच गेली. खोलीत टाळ्या.

"एकोणीस," बाईंनी कागद फाडून मोजलं. "मशीनचे एकोणीस, मिस्त्रींचे एकोणीस. कोणी हारलं न्हाई."

मोठे इंजिनिअर माझा हात धरून म्हणाले, "मिस्त्रींचा कान साक्षीला आहे म्हटल्यावर आम्हाला मशीनची शंका नाही." पुढच्या गळिताला रसाच्या पाइपावर बाईंची बांगडी बसवायचं तिथंच ठरलं. बाईंनी कागदाची घडी केली आणि मिठाच्या डब्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र कॉलेजात एक बदल झाला. जो तो माझ्याशी बोलायला समोर यायचा. टेबलावर दोनदा टकटक करायचा, मी बघितलं की मग बोलायचा, तेही सावकाश. विद्यार्थी, क्लार्क, कँटीनवालासुद्धा. मला वाटलं, सोमवारचा दरारा. छाती फुगवून फिरत होतो. एकदा शिपायाला विचारलं, तर म्हणाला, "मॅडमनी सगळ्यांना सांगितलंय की. मिस्त्री मोठे कारागीर हायत, त्यांना पाठीमागनं हाक मारली की त्यांचा अपमान होतो, समोर जाऊनच बोलायचं."

त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

त्यानंतर बाई आणखी दोन वर्षं होत्या. मग धारवाडकडच्या कुठल्याशा कॉलेजात त्यांना बोलावलं. शेवटच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर मी पाना घेऊन गेलो आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. बोललो ते मी पाळतो, उशीर झाला तरी.

बाई टेबल आवरत होत्या. त्यांनी मिठाच्या डब्याखालनं ती घडी काढून माझ्यापुढं उलगडली. एकोणीस निळ्या रेघा. आणि प्रत्येक निळीच्या जरा अलीकडं माझी लाल रेघ. एकही नंतर नाही, बरोबरही नाही; 'एक' म्हणून दाबलेल्याही घाईतच पडल्या होत्या. बुडबुडा यायच्या आधीच मी एकोणीस वेळा ऐकला होता.

"जुनं मशीन असतं तर कळलं नसतं," बाई माझ्या समोर येऊन, सावकाश म्हणाल्या. "नव्याला कळलं."

"मग त्या दिवशीच का न्हाई सांगितलं?"

"तुमी मोजलंत ते खरंच होतं की. कानानं मोजा म्हणलं होतं का मी? पाना लावून मोजा म्हणलं होतं. पाना लावलेलाच होता."

बाई दाराशी गेल्या, खिळ्यावरचा पाना काढला आणि माझ्या हातात दिला. त्या जागी छत्री अडकवली.

"खिळा छत्रीचा हाय, मिस्त्री. ती हितंच ऱ्हाऊ दे. तुमचा जोड अजून गळतोय."

बाई गेल्या. पाना माझ्या कमरेलाच आहे. आता त्यांच्या जागी एक तरुण सर आलेत, चांगले आहेत, टेबलावर टकटक करून बोलतात. परवा त्यांनी वर बघून विचारलं, "मिस्त्री, हे पाणी कुठून पडतंय?"

माझा जोड गळत नाही. पाइपाला घाम येतो. मी खिळ्यावरची छत्री काढली, उघडली आणि त्यांच्या डोक्यावर धरून तसंच सांगितलं.